शेवटचा उकार

मानपाडा रोडवरच्या आमच्या इमारतीत तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं. तळमजल्यावरच्या काकांचं शुद्धलेखन मात्र रोज यायचं, तेही फुल प्रेशरने. सरबताच्या गाडीवर ‘लिंबु’ दिसलं की काका थांबलेच. "शेवटचा उकार दीर्घ, बाबा! दीर्घ!" एसटीडी बूथवाल्याने तर त्यांच्या धाकाने पाटीच इंग्रजीत करून घेतलेली.

लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला मदत म्हणून कॉलनीने एका रविवारी दौड काढली. फलकावर लिहिलं होतं, ‘बालकर्करोगासाठी धावा’. झालं! "रोगासाठी धावताय? रोग काय जावई लागतो तुमचा?" म्हणत काका चपला काढून स्टुलावर चढले. त्यात ‘संशोधन’ घुसवून होईपर्यंत आम्ही सगळे बूट घालून उन्हात उभे. दौडीआधीच घाम निघाला.

ज्या आजारी मुलासाठी धावायचं, त्याचं नाव कागदावर लिहून छातीवर लावायचं होतं. बहुतेकांनी स्वतःचंच लिहिलेलं. मीसुद्धा. काकांच्या सदऱ्यावरच्या कागदावर मात्र त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मिनु’.

इतक्या वर्षांनी सापडले! मी मुद्दाम चारचौघांना ऐकू जाईल असं ओरडलो, "काका, शेवटचा उकार दीर्घ, बरं का!"

लोक हसले. काकांनी वाकडी झालेली टाचणी सरळ केली.

"माहितीये," ते म्हणाले. "ती ऱ्हस्वच काढायची."