चार लिटरचा गॅलन

घोटावड्याच्या हैबतरावांची जीप लष्कराच्या लिलावातली. रंग उडालेला, टप फाटका, हॉर्न वाजला तर वाजला. पण आसपासच्या पाचसात गावांत गाडी म्हणजे तीच, आणि ती हाकायची धुळाजीनेच. धुळाजी डोंगराकडच्या धनगरवाड्यातला. त्याच्या घराण्यात कुणी साधी बैलगाडीसुद्धा हाकली नव्हती. पिढ्यान्पिढ्या मेंढ्यांमागे पायी चाललेली माणसं. हा पठ्ठ्या मात्र लाकडाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, शिव्या खात खात स्टिअरिंगपर्यंत पोचला आणि चाळिशी गाठेस्तोवर हैबतरावांचा डायवर झाला. लिहितावाचता येत नव्हतं. पण नुसता आवाज ऐकून कोणता प्लग कुरकुरतोय ते सांगायचा, आणि ते खरं निघायचं.

हैबतरावांची भाताची गिरणी होती. गिरणीच्या कामाला आठवड्यातून चार खेपा पुण्याला व्हायच्या. रस्त्यात कुणी हात केला की धुळाजी गाडी उभी करायचा. दवाखान्याला निघालेलं म्हातारं असो, माहेराला निघालेली लेकुरवाळी असो, मालकांची ना नसायची. भुकूमची साळूबाई तर दर सोमवारी ठरलेली. अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन ती मागं बसायची आणि पुणं येईस्तोवर नवऱ्याची, भिकूची, गाऱ्हाणी सांगायची. "मरत बी न्हाई मेला," म्हणायची, आणि परतताना त्याच मेल्यासाठी तंबाखूची पुडी कनवटीला लावून आणायची.

हैबतरावांना एक नाद होता. दर सोमवारी पुण्यातल्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायची, पंपाची चिठ्ठी घरी आणायची, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून मीटरचे मैल आणि पेट्रोलचे गॅलन वहीत मांडायचे. मग भागाकार. चार वर्षं उत्तर एकच यायचं, अठरा. पावसाळ्याच्या चिखलात सतरा, पुढं पुन्हा अठरा. "गॅलनला अठरा मैल देतीया आपली गाडी," हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. धुळाजी शेजारी उभा असला तर मान खाली घालून हसायचा. अठराचा आकडा तेवढा त्याला वाचता यायचा.

मग ती नवी मापं आली. साठ सरून एकसष्ट साल लागलं होतं. पंपावरचं जुनं यंत्र गेलं, नवं आलं, आणि चिठ्ठीवर गॅलनच्या जागी लिटर यायला लागले. आता लिटर म्हणजे नेमकं किती, हे हैबतराव कुणाला विचारणार? साऱ्या गावाने ज्यांना विचारायचं, ते तेच. चार शेरांची एक पायली, तसा चार लिटरचा एक गॅलन, असं त्यांनी बसल्या बैठकीला ठरवलं आणि भागाकार केला. उत्तर आलं सोळा. तेही पुरतं नाही. पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. मैल तेवढेच, आणि आठ गॅलनच्या जागी नऊ लागलेले.

"धुळाजी," हैबतराव वहीतून मान वर न करता म्हणाले, "आठवड्याला एक गॅलन कुटं जातोय?"

"गळत आसंल, मालक. बघतो."

त्याने बघितलं. रिकाम्या जीपखाली चाळलेली राख पसरली आणि दुसऱ्या दिवशी ओणवा होऊन पाहिली. राखेत थेंबाचा डाग नव्हता, मांजराची पावलं तेवढी होती. नळी न् नळी बोटाने चाचपली, वास घेतला. काही नाही. आणि त्या जीपची टाकी कुठं असते, तर डायवरच्या सीटखाली. म्हणजे चोराने पेट्रोल काढायचं तर आधी धुळाजीला उठवायला पाहिजे. हे हैबतरावांना ठाऊक होतं, गिरणीवरच्या हमालांना ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त धुळाजीला ठाऊक होतं.

हैबतराव दुष्ट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. चोर हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. ते एवढंच म्हणाले, "गाडी पीत न्हाई. कुणीतरी पितंय." पण एवढं पुरलं. गिरणीवर कोंडिबा हमाल होता, जिभेला हाड नसलेला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय धुळाजी, मेंढ्यास्नी पेट्रोल पाजतूस का काय? लोकर लई चमकतीया हल्ली." माणसं पोट धरून हसली. धुळाजीही हसला, न हसून काय करतो. पण कानशिलं तापली ती तापलीच. ज्याच्या बापाने दुसऱ्याच्या कळपात चुकून शिरलेलं कोकरू तीन कोस चालत जाऊन परत केलं होतं, त्याने हे ऐकायचं?

बायकोला, तुकाबाईला, तो म्हणाला, "आता गाडीकडनंच वदवून घेतो."

आणि लागला मागं. प्लग काढून घासले, चाकांत हवा काटेकोर भरून घेतली, नुसतं वजन म्हणून ठेवलेल्या लोखंडी सळया गिरणीत टाकल्या. काट्याला पंचविसाच्या वर सरकू देईना. पिरंगुटचा घाट चढून गेलं की पलीकडं भुकूमपर्यंत उतारच उतार. तिथं इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायला लागला. आवाज नाही, धूर नाही, वारा तेवढा कानाशी. पेट्रोलचा थेंब न जाळता मैल पडायचा, आणि तो मैल पडताना धुळाजीला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, त्या दिवसांत त्याला बरं वाटणारं तेवढंच होतं.

पण अशा गाडीला मध्ये थांबवलं की सगळं मुसळ केरात. थांबलं की वेग गेला, पुन्हा इंजिन लावा, पहिला गिअर टाका, पेट्रोल ओता. शिवाय माणूस बसलं की भार आला. म्हणून त्याने हात करणाऱ्यांसाठी थांबणं सोडलं. पहिल्यांदा मान हलवून नाही म्हणायचा. पुढं पुढं त्यांच्याकडं बघायचंच सोडलं. साळूबाईला त्याने सांगून टाकलं, "मालकांचा हुकूम हाय." हुकूम कुणाचाच नव्हता. ती बिचारी पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागली. सकाळची एसटी होती, पण ती भरून यायची आणि भुकूमला थांबली तर नशीब.

एक गुरुवार होता. धुळाजी एकटाच पुण्याला निघालेला, गाडी रिकामी, उतारावर सोडलेली. खाली चिंचेपाशी साळूबाई उभी दिसली. डोक्यावर पाटी नव्हती. तिने एक हात केला, मग दोन्ही केले. गुरुवार हा तिचा वार नव्हे, हे धुळाजीच्या ध्यानात आलं. पाटी नाही, हेही आलं. ब्रेकवर पाय ठेवला होता त्याने. पण गाडी अशी सुरेख धावत होती, भूगावच्या वेशीपर्यंत अशीच गेली असती, आणि कानात मालकांचं ते सोळा. पाय उचलला. आरशात ती चार पावलं धावताना दिसली, मग उभी राहिली.

भिकू दोन दिवसांपूर्वी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल झाला होता, पोटातल्या दुखण्याने. गुरुवारी सकाळी निरोप आला होता की लवकर या, तो तुमचं नाव घेतोय. साळूबाई चालत गेली. पोचली तेव्हा दुपार टळली होती आणि खाटेवर दुसराच माणूस निजला होता.

हे धुळाजीला सोमवारी कळलं, पंपावर नव्हे, गिरणीवर नव्हे, भुकूमच्या पाणवठ्यावर रेडिएटरला पाणी घालताना. तो तसाच साळूबाईच्या दारात गेला. ती भिंतीला टेकून बसली होती.  तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मला म्हाईत न्हवतं, साळूबाई."

तिने त्याच्याकडं पाहिलं. "गाडी रिकामी व्हती, धुळाजी," ती म्हणाली. आणि उठून आत गेली.

त्याच संध्याकाळी हैबतरावांनी वही काढली. मैल मांडले, लिटर मांडले, चाराने भागले. साडेसतरा. एवढी राखण करून, एवढं सगळं करून साडेसतरा. हैबतरावांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मायेने म्हणाले, "बघ. म्या एका शब्दानं कुणाला काय बोललो न्हाई. पर आता ताळ्यावर आलंय. झालं गेलं सोडून दिऊ."

म्हणजे काय, ते धुळाजीला समजायला क्षणभर लागलं. पेट्रोल वाचवलं म्हणून तो चोर ठरला होता. आधी घेत होता, आता हात आखडला, असा त्याचा अर्थ. मालक त्याला माफ करत होते. त्याला रडू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदम, आणि दोन्ही गिळून तो घरी गेला.

घरी तुकाबाई चहाच्या हॉटेलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होती. त्याला ती शेळीचं दूध घालायची. "मेल्यानं नवं माप आणलंया. म्हणतो लिटर न् शेर एकच. माझं दूध त्यात जास्त जातंय, मी काय आंधळी हाय?" ती म्हणाली.

धुळाजी भाकरी मोडता मोडता थांबला. मालकही ओट्यावर बसून चार लिटरचा एक गॅलन असं नुसतं धरूनच मोजत होते. "पुन्यांदा सांग," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने गिरणीच्या अडगळीतून एक जुना पत्र्याचा डबा शोधून काढला. पंपावर गॅलन होते त्या काळात वाटेत पेट्रोल लागलं तर असावं म्हणून तो गाडीत ठेवलेला असायचा, नेमका एका गॅलनचा. तो आणि हॉटेलवाल्याकडून मागून आणलेलं लिटरचं माप घेऊन तो हैबतरावांच्या ओट्यावर गेला. हंड्यातलं पाणी घेतलं. एक माप ओतलं. दोन. तीन. चार. डबा भरला नव्हता. पाचवं माप त्याने हळूहळू ओतायला घेतलं, आणि ते अर्ध्यावर आलं तेव्हा पाणी डब्याच्या काठाला लागलं.

"साडेचार," धुळाजी म्हणाला. "चार न्हाई, मालक."

हैबतरावांनी डबा वाकून बघितला. मग वही ओढली, आणि मागच्या सगळ्या सोमवारांचे भागाकार पुन्हा करायला बसले. अंगणातलं ऊन ओट्यावर चढेस्तोवर करत होते. पहिले सगळे सोळा अठरा झाले. शेवटचा साडेसतरा वीस झाला.

"चुकलं माजं," ते म्हणाले. असं ते आयुष्यात फारसं कुणाला म्हणाले नव्हते. "पायलीसारखं धरून बसलो." मग उठून गिरणीत गेले आणि सगळ्या हमालांपुढं मोठ्याने म्हणाले की धुळाजीइतका सचोटीचा माणूस नाही, आणि गॅलनला वीस मैल काढणारा डायवर पुण्यातसुद्धा सापडायचा नाही. कोंडिबाने मान खाली घातली. कुणीतरी धुळाजीच्या पाठीवर थाप मारली. इतके दिवस ज्यासाठी जीव जाळला ते नाव त्याला परत मिळालं, आणि ते घेऊन काय करावं ते त्याला कळेना. त्या वीसमध्ये चिंचेखालची साळूबाई होती.

पुढच्या सोमवारी त्याने उतारावर इंजिन बंद केलं नाही. चिंचेपाशी गाडी उभी केली. साळूबाई पाटी डोक्यावर घेऊन पुढं चालली होती. तो गाडी घेऊन तिच्या शेजारी गेला. "बसा, साळूबाई," म्हणाला. ती बसली नाही, थांबलीही नाही. धुळाजीने पहिला गिअर टाकला आणि तिच्या चालीने गाडी चालवायला लागला. भुकूम ते भूगाव. इंजिन तापलं, पेट्रोलचा वास सुटला, मागून आलेल्या एसटीच्या डायवरने शिवी हासडली. भूगावला ती एका झाडाखाली टेकली, तेव्हा तो पुढं गेला. त्याच्या पुढच्या सोमवारीही तसंच. आणि त्याच्याही पुढच्या.

महिन्याने हैबतरावांनी वही मांडली. या वेळी लिटर नीट धरले होते, साडेचाराचा गॅलन. उत्तर आलं सोळा.

त्यांनी भागाकार पुन्हा करून पाहिला. मग चष्मा काढून धुळाजीकडं बघितलं. "कुटं जातंय रं पेट्रोल?"

"साळूबाईच्या संगं चालतोय, मालक," धुळाजी म्हणाला.

हैबतरावांनी वहीत सोळा लिहिलं. पुढं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि साळूबाई कधी बसली नाही.