मेढ्याच्या खुराड्याचं दार

जळालेल्या मोटरी भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र दुकानातच साठत राहतात. साताऱ्यात सलीमचं आणि माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. हे सगळे किस्से एकाच खुराड्याचे.

मेढ्याच्या झुबेदाचाची आल्या. लेक इस्लामपूरला दिलेली, दिवस भरत आलेले, डॉक्टरनं प्रवास बंद केलेला. "पंधरा दिस जायचं हाय. पर सांजच्याला खुराड्याचं दार कोण लावणार? मुंगूस लय माजलंय."

"शेजारीण हाय की," सलीम म्हणाला.

"तिच्यावर कोंबड्या सोडू? न्हाई बाबा."

उजाडलं की आपोआप उघडेल आणि अंधारलं की लागेल असं दार करून द्यायचं ठरलं. खुराड्यात लाईट नाही. म्हणजे बॅटरी आणि एक छोटी मोटर. सुलटी फिरली की दार वर, उलटी फिरली की खाली.

*

मोटर फिरवणारा पहिला बॉक्स सलीमनं केला. उघडायचा आणि लावायचा, दोन्ही स्विच एकदम लागले. भस्सकन धूर निघाला. मी चिडलो, तर हा शांतपणे म्हणतो, "दोन्हीकडनं एकदम ओढल्यावर माणूसबी पेटतोय गड्या."

*

दुसरा मी बसवून आलो. दुसऱ्या दिवशी चाचींचा फोन. "आवं, उजाडल्यावर दार लागलं आन् सांजच्याला उघडलं. मी जवळ हुते म्हणून बरं."

मोटरच्या दोन वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. सलीम आठवडाभर मला मुंगसाचा पाव्हणा म्हणत होता.

*

मग बॅटरी चार दिवसांत बसायला लागली. दार लागलं तरी मोटर ढकलतच राहायची. दार टेकलं की करंट तोडणारं बटण बसवलं. आता मोटर दिवसातून दोनदा, काही सेकंद फिरणार, बाकी वेळ बॉक्स झोपलेला. सलीमला कोण आनंद! येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत सुटला. चाचींना तर दहादा बजावलं, "आता थेंबभर करंट लागतोय. बॅटरी तेवढी जपा."

*

चाची इस्लामपूरला गेल्या. पंधरा दिवस आमचा जीव टांगणीला. एक कोंबडी गेली असती तरी चाचींनी पुन्हा घर सोडलं नसतं.

परत आल्या त्या पेढे घेऊनच. नातू झाला होता. कोंबड्या सगळ्या शाबूत. सलीमची छाती फुगली. "चाची, बॅटरी किती उतरली बघू का?"

चाचींनी पिशवीतून बॅटरी काढून टेबलावर ठेवली. सलीमनं मीटर लावला. काठोकाठ भरलेली.

"हे कसं काय?"

"तूच म्हणालास न्हवं, जपा म्हणून? जाताना काढून संगं नेली."

"आन् मग दार?"

"शेजारीण लावायची की."