आम्ही सात जण वर गेलो होतो

गेल्या रविवारी आमच्या डिचोलीहून तासाभरावरच्या अभयारण्यातून जुनी घाटवाट चढलो. ऑफिसातले आम्ही सहा जण आणि पायथ्याच्या गावातले वाटाडे शाणूमाम, वय सत्तरच्या आसपास. ट्रेकची हौस मिलिंदला... मी आपला भरतीला.

निघण्याआधी शाणूमामनी घाटाच्या राखणदाराच्या दगडापुढे विडा ठेवून गाऱ्हाणं घातलं. "सात जणां वर जातत, सात जणांक सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!" आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं. मी एक डोळा मोबाइलवर ठेवूनच.

चार तासांनी खिंडीत पोचलो. वारा छान होता, पण माझा उजवा गुडघा कामातून गेला होता. वरून डांबरी रस्ता जातो, आणि तिथे चहाच्या टपरीवर बेळगावहून म्हापशाला भाजी नेणारा टेम्पो उभा होता. मी लगेच सीट पक्की केली.

शाणूमाम एवढंच म्हणाले, "जावा. पण फाट्यार उतरा आनी राखणदाराकडे थांबा. आमी येतंव."

मी हो म्हटलं. टेम्पो फाट्यावर थांबलाही... पण तिथून दगडापर्यंत अर्धा किलोमीटर चालायचं होतं. मी उतरलो नाही. त्याच टेम्पोने थेट डिचोलीला घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ केली, शीत-कढी जेवलो आणि मस्त ताणून दिली.

पाचला मिलिंदचा फोन. बाकीचे घरी गेले होते, पण शाणूमाम दोन तास त्या दगडापाशी बसून होते, म्हणून तोही तिथेच थांबला होता. सातवा आल्याशिवाय नारळ फोडणार नाहीत, आणि तोवर पोटात काही घालणार नाहीत.

"सांग त्यांना, मी सुखरूप घरी पोचलो."

"सांगितलं रे. म्हणतात, राखणदाराक फोन लागता?"

चिडचिड करत स्कूटर काढली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे वाटेत स्वतःला दोनतीनदा सांगूनही झालं.

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मिलिंद बाजूला उभा होता, शाणूमाम दगडाला टेकून बसले होते, शेजारी भाकरीचं फडकं न सोडलेलं. मी बोलणी खायच्या तयारीत होतो. त्यांनी आधी विचारलं, "गुडघो कसो आसा?"

मला खरंच लाज वाटली.

मग ते उठले, मला हाताला धरून दगडापुढे उभं केलं आणि हात जोडले. "सात जणां गेली, सात जणां इली रे म्हाराजा." या वेळी "होय म्हाराजा" म्हणताना माझा मोबाइल खिशात होता. नारळ फुटला, आणि त्यांनी फडकं सोडून अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

विश्वास माझा अजून बेताचाच आहे. पण ऑफिसात माझी हजेरी रोज मशीन घेतं... मी आलो नाही म्हणून उपाशी बसून राहिलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.