भावजयीनं धुतलेलं सूत

माझ्या भावाच्या तंबोऱ्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय, ते अजून मला गाठून विचारतात. तार कुठली होती? भोपळा कुठला? जो तो आपापला अंदाज ठोकतो. मी म्हणते, बाबांनो, तारा साध्याच होत्या, परभणीच्या बाजारातल्या. तीन पोलादाच्या, एक पितळेची. खरं सांगायचं तर त्या आवाजामागं आमच्या घरातलं एक भांडण होतं. पण ते कोण ऐकतो!

तंबोरा मुळात भावाचा नव्हता. चारठाण्याला एक म्हातारे गुरवबाबा भजन शिकवायचे, त्यांनी हात थकल्यावर त्याला दिला. आम्ही कुणबी माणसं, पिंगळीच्या रेल्वे ठेसनापासून कोसभरावर आमचं गाव. आमच्या घरात तंबोरा म्हणजे गोठ्यात हत्ती बांधल्यासारखं. लढाईचे दिवस, निजामाचं राज्य, रॉकेलची मारामार. पण भाऊ तंबोरा लावून बसला की गल्ली गप्प व्हायची. तारा ज्या घोडीवरून जातात, तिच्यावर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारका तुकडा असतो. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, गुणगुणते. गुरवबाबांनी ते तुकडे स्वतः बसवले होते आणि बजावलं होतं, "ह्याला हात लावू नको." भाऊ लावत नसे. कसे बसवायचे ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि आता गुरवबाबा राहिले नव्हते.

मी तेव्हा माहेरीच होते. माहेरी म्हणजे कायमची. सासूला माझं काहीच पटेना. एक दिवस दूध उतू गेलं, तेवढं निमित्त पुरलं. "हिला माहेरी घालून ये," ती म्हणाली आणि नवऱ्यानं गाडी जुंपली. माणूस वाईट नव्हता हो. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. नुसता गप्प होता. सगळ्या वाटेत बैलांशी बोलला, माझ्याशी नाही.

त्याच वर्षी ह्या तंबोरेवाल्या भावाचं, माझ्या पाठच्याचं, लग्न झालं. भावजय कामाला वाघीण. नवरात्राआधी आमच्याकडं दसरा काढतात, म्हणजे घर सारवून-पोतारून घरातली चिंधी न् चिंधी धुवायची. घट बसताना घरात मळकं सूत राहिलेलं चालत नाही. पोरीनं वाकळा धुतल्या, पासोड्या धुतल्या, दिव्याखालचं फडकंसुद्धा सोडलं नाही. मग तंबोऱ्याच्या तारांखाली तिला मळकट सूत दिसलं. ते काढलं, धुतलं, वाळत घातलं. एवढ्यावर थांबली असती तर! पण घोडी सांबरशिंगाची, काळी पडलेली. तीही राख आणि काथ्या घेऊन तांब्यासारखी घासली. गुरवबाबांनी जन्मभर कानस लावून आणलेलं तिचं वळण सगळं गेलं.

संध्याकाळी भावानं तार छेडली. डबड्यासारखी वाजली. सूत परत घातलं, मागं-पुढं सरकवून पाहिलं, काही उपयोग नाही. त्यानं तंबोरा भिंतीला टेकवला आणि गोठ्यात जाऊन बसला.

माय मात्र गप्प बसणारी नव्हती. "पांढऱ्या पायाची हाय! देवाचा आवाज घालवला घरातून. दसरा झाला की पिंगळीला नेऊन रेल्वेत बसवून दे हिला. राहू दे बापाच्या घरी."

भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला त्याचा लय राग आला. तंबोऱ्याचं काय घेऊन बसलात, राग आला तो त्या गप्प बसण्याचा. ते गप्प बसणं माझ्या चांगलं ओळखीचं होतं.

भावजय रडत नव्हती. घटापुढच्या दिव्याच्या वाती वळायची, आणि वळता वळता पिळलेलं सूत तारेखाली घालून बघायची. "आक्का, हे कसं वाटायलंय?" मला कुठला कान! मी म्हणायचे, "घाल, अजून घाल. घाबरायलीस कशाला?" पाचव्या माळेला तिनं एक जाड, सैल पिळाचं सूत घातलं आणि तार बोलली. गुरवबाबांच्या सुताचा आवाज मधमाशीसारखा बारीक होता. हा जाड, खरबरीत, पहाटे शेजारच्या घरात जातं फिरावं तसा. भाऊ गोठ्यातून उठून आला. नखानं ते सूत केसभर सरकवलं, तार छेडली, ऐकत उभा राहिला. आणि वैरण टाकायला निघून गेला. बरं म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही.

अष्टमीला देवीच्या देवळात आरतीनंतर भजन होतं. भाऊ तोच तंबोरा घेऊन बसला. म्हणजे आवाज त्याला मंजूर होता. पण तोंडानं बोलेल तर शपथ! पहिला अभंग संपला तसा एक म्हातारा म्हणाला, "गुरवाचा आवाज कुठं गेला रं?"

भावानं मान खाली घातली. उत्तर दिलं ते मायनं, बायकांतून. "सुनेनं धुऊन टाकला! दसरा झाला की धाडणार हाय तिला माहेरी."

सगळं देऊळ भावजयीकडं बघायला लागलं. ती खांबाला पाठ लावून उभी, पदर तोंडात कोंबलेला. आणि भाऊ आपला खुंटी पिळत बसलेला.

माझं डोकं फिरलं. मी उठले. "अरे बोल की! तोंड हाय का न्हाई तुला? त्याच आवाजावर गायलास ना आत्ता? मग सांग की, कुणी लावला!" न्हाले होते, केस मोकळेच होते, अंग थरथर कापत होतं. आवाज असा चढला की माझा मलाच ओळखू येईना. आणि बायकांत एकच गलका उठला, "अंगात आलं! आई आली!" कुणी मळवट भरला, कुणी धूप पुढं केला. मी म्हणायला गेले, अगं बायांनो, मीच हाय, मला राग आलाय. तेवढ्यात माझी माय, जी त्याच सकाळी मला 'टाकलेली' म्हणाली होती, माझ्या पायांवर पडली.

"आई, काय चुकलं? काय पायजे?"

आक्काचं कोण ऐकणार होतं?

"सून घरात राहील," मी म्हणाले.

"राहील, आई."

"आणि आवाज ह्योच राहील."

"राहील."

खोटं बोलले का? इतकी वर्षं विचार करतेय. देवी आली नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. पण त्या देवळात खरं बोलायला दुसरं कुणी उठलंही नव्हतं. भावानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं. त्यानं खर्जाची पितळी तार छेडली आणि तो जाड आवाज देऊळभर फिरला.

मग बाया ओळीनं पाया पडायला आल्या. सगळ्यांत शेवटी भावजय. तिला उठवून जवळ घ्यावं असं लय वाटलं, पण देवी कुणाला उठवून मिठी मारत नसते. मी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. तो मला लवकर काढवेना.