तीनशे वजा वीस

सपनाचं डोकं भडकायला कारण लागत नाही, असं गाव म्हणतं. गाव खोटं बोलतं. कारण गावच पुरवतं.

मानोऱ्याकडच्या त्या गावात नळाला पाणी सोडायचं काम तिच्याकडं. गणितात बीएस्सी झाली, परीक्षांवर परीक्षा दिल्या आणि हाती आल्या वॉलच्या चाव्या. सकाळी दहाला टाकी भरायची, चारला गावाला पाणी सुटायचं. मधले सहा तास सगळे वॉल बंद, तरी टाकी उतरायची.

"सपना विहारामागच्या आपल्याच गल्लीले चोरून पाणी सोडते," संत्र्याच्या बागेवाले नानाजी ग्रामपंचायतीत ओरडले. "काढा तिले!" तक्रार रजिस्टरात चढली. निकाल सोमवारी.

सपनानं आठ दिवस दर तासाला टाकीतल्या पाण्याची पट्टी वाचून आलेखाच्या कागदावर ठिपके दिले. आडवे तास, उभे सेंटिमीटर. सोमवारी तो कागद तिनं सरपंच उदयसिंगच्या टेबलावर आपटला. वर लिहिलं होतं, y = -२०x + ३००.

"हे तीनशे मंजे दहा वाजताची टाकी. कधी तीनशे भरते, कधी अडीचशे, म्हणून रेघ कधी वरून निंगते, कधी खालून. पन उतार पाहा भाऊ, तासाले वीसच! माही गल्ली तासाले ऐंशी ओढते. मी वॉल खोलला असता तर रेघ तिथंच मोडून धाडकन खाली आली असती. हे सरळ उतरते. मंजे वॉलच्या अलीकडूनच कोनीतरी सारखं ओढून राह्यलं."

"रेघोट्यानं तहान भागते का वं?" नानाजी हसले.

"मंग तुमचंच कुलूप लावा वॉलले. आज टाकी अडीचशे भरली. एक वाजता एकशे नव्वदवर येईन. नाई आली तर चाव्या तुमच्या."

नानाजींनी कुलूप ठोकलं आणि पोरगी हात लावेल म्हणून स्वतःच टाकीखाली खुर्ची टाकून बसले. अकराला पट्टी दोनशे तीसवर, बाराला दोनशे दहावर. नानाजींनी खिशातून मोबाइल काढला. बागेत फोन लावावा तर सपना समोर, कमरेवर हात ठेवून.

एक वाजला. एकशे नव्वद.

"आता पाइप उकरा," ती म्हणाली.

नानाजींच्या बागेच्या बांधाखाली चोरून घेतलेला जोड निघाला. नानाजी वॉलचं कुलूप काढून खाली मान घालून घरी गेले. उदयसिंगनं रजिस्टरात लिहिलं, 'पाइपात लीकेज आढळले.'

चार वाजले. सपनानं वॉल खोलला नाही.

"सोड ना वं बाई," तिची माय लिलाबाई पाणी भरायला पितळी गुंड घेऊन आली. "लोक शिव्या देऊन राह्यले."

"देऊ दे. आठ दिवस चोर मीच होतो ना? मंग लीकेज कुठून आलं?"

"समजून घे सपने," उदयसिंग म्हणाला, "म्हातारा मानूस हाय."

"माही माय जवान हाय का? तिले लोकाईनं आठ दिवस काय काय आयकवलं, ते कोन्या रजिस्टरात लिवलं तुमी?"

सव्वापाचला उदयसिंगनं 'लीकेज' खोडलं. नानाजींचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लिहिलं. खाली, 'सपनावरील तक्रार खोटी.'

सपनानं ते दोनदा वाचलं. "सही," ती म्हणाली, आणि सही होईतो चाव्यांवरची मूठ सोडली नाही.