म्हातारीला सांगून ये

जुन्या लॅपटॉपची घरघर ऐकली की कशेळ्यातली ती दुपार आठवते. त्यावरच्या जुन्या खेळात आपण योद्धा होऊन राक्षस मारायचा, पण रस्ता दाखवणारा नकाशाच नाही. तलवार घेऊन खेळातल्या गावाबाहेर पडले की मी पहिल्याच पुलावर मरायचे. डोंगरातल्या वाड्यांवर औषधं पोचवणारी आई मागून म्हणाली, "आधी घरोघर इचार की गं!" विचारलं. शेवटच्या झोपडीतल्या म्हातारीनं धबधब्यामागची वाट सांगितली आणि संध्याकाळपर्यंत राक्षस पडला. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात आई म्हणाली, "म्हातारीला सांगून ये, पोचले म्हणून. काळजीत असंल ती." हसत परत गेले. म्हातारी दारातच उभी होती. म्हणाली, "वाट सगळेच विचारतात, सांगायला परत कुणी येत नाही." आईला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. मला अजून वाटतं.