जास्तीचं अस्तर

कासमचाचांनी मला मदत केली, हे आधी सांगून टाकतो. काय झालं ते मागाहून. कारण ते सांगायला लागलो की मी माझीच बाजू सावरत बसतो, आणि चाचा राहूनच जातात.

कासमचाचा हर्णैचे. शारजात, अल मजाजच्या मागच्या गल्लीत, शिकारीचं आणि कॅम्पिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ते बुटांच्या काउंटरवर होते. साठी उलटलेली, दाढी पांढरी, आणि नजर कस्टमवाल्याची. कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास नसे. नवा बूट आला की आत हात घालून चाचपायचे, वास घ्यायचे, तळवा वाकवून कानाशी धरायचे. खोक्यावरचं कधी वाचायचे नाहीत. "छापायला काय लागतं? शाई!" तरुणपणी ते बोटीवर होते, बर्फाच्या बंदरांतून फिरलेले. तिथेच हा स्वभाव पडला असावा.

मी गुहागरकडचा. नववीत शाळा सोडली, पुढे जे मिळेल ते करत इथवर आलो. शारजाच्या बाहेर एका अरबाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, फार्मवर ससाणे सांभाळतो. दर थंडीत अरबाब परवाने काढून कझाकस्तानात शिकारीला जातात. तिथे गाडी चालत नाही अशा उंच लव्हाळ्यांच्या रानात आम्ही पायी शिरायचं, लांब शेपटीचे रानपक्षी उठवायचे, मग अरबाब ससाणा सोडणार. आदल्या वर्षी माझ्या जागी गेलेला माणूस पायाची दोन बोटं काळी करून परतला. बोटं कापली, आणि पुढच्या महिन्यात त्याचं घरचं तिकीट निघालं. या खेपेला मला जायचं होतं. तेव्हापासून मी रोज सकाळी उठून आधी पायाची बोटं हलवून बघत होतो.

अरबाबनी बुटांसाठी पैसे दिले आणि मी दुपारी दुकानात गेलो. नाव, गाव ऐकून चाचा खूश झाले, पण बूट काढीनात. "गाववाल्या, संध्याकाळी ये. सकाळ-दुपारचा पाय खोटं बोलतो. दिवसभर उभं राहून सुजतो तो खरा पाय."

मला वाटलं, टाळतायत. तरी संध्याकाळी गेलो.

"नंबर किती?"

"आठ."

"कोणी सांगितलं?"

"आठच घालतो मी."

"तू चपला घालतोस. दहा वर्षं चपला घालून पाय भाकरीसारखा पसरलाय. आठ म्हणे!" त्यांनी पुठ्ठ्यावर मला उभं करून दोन्ही पाय पेन्सिलीने आखले आणि दहा नंबर काढला.

माझा जीव काचेतल्या चकचकीत जोडीवर होता. आत मऊ केस, बाहेर चंदेरी पट्टी. चाचांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "ते गाडीत बसणाऱ्याचे. तू चालणार, म्हणजे घामेजणार. थंडी बाहेरून येत नाही रे, आपल्याच घामातून येते." मग मागच्या फळीवरून धुळीचं खोकं काढलं. खाली रबर, वर चामडं, आणि आत नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड अस्तर, आख्खं बाहेर निघणारं. ते घालून त्यांनी मला जिन्यावरून सहा वेळा चढवलं-उतरवलं. टाच उचलते का, बोटं हलतात का, दर पायरीला विचारलं. मी तीन मोजे आणले होते, एकावर एक चढवायला. त्यातले दोन त्यांनी परत माझ्या पिशवीत कोंबले. "एकच, लोकरीचा. बूट दाबला की रक्त अडतं. मग तू वर रजई गुंडाळ, बोटं गेलीच."

निघताना त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आणखी एक अस्तरांची जोडी माझ्या पिशवीत सरकवली. "ही राहू दे. याचे पैसे नाहीत. खलास, जा."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुकानात फुकट कोण देतं? आणि इकडेतिकडे बघून कोण देतं?

रूमवर अरबाबच्या ड्रायव्हरने, गुलखानने, बूट हातात घेतले आणि पोट धरून हसला. "अरे भाई, बुड्ढे ने तेरे को हाथी का जूता पहना दिया! पुराना माल है, इसी लिए साथ में गिफ्ट दिया." मी रात्रभर हिशेब लावत राहिलो. मोठा नंबर, धुळीचं खोकं, फुकटचं अस्तर. सगळं जुळत होतं.

सकाळी बूट घेऊन परत गेलो. चाचा मागे चहाला गेले होते. कॅशवर नौशाद होता, शेजारी मॅनेजर उभा होता. मी मॅनेजरला म्हटलं, "साहब, माल पुराना है क्या? नहीं तो ये एक्स्ट्रा क्यों दिया?" आणि अस्तरं काउंटरवर ठेवली.

मॅनेजरचा चेहरा बदलला. "ये किसने दिया?"

मी नाव सांगितलं नाही. फक्त बुटांच्या काउंटरकडे बघितलं. ते पुरे झालं. मॅनेजरने मोबाइलवर अस्तरांचा फोटो काढला, ती मला परत दिली आणि थंडपणे म्हणाला, "माल सही है. ले जाओ."

तेवढ्यात चाचा आले. मला बघून चेहरा फुलला त्यांचा. "बरं झालं आलास! काल मुद्द्याचंच राहिलं. अरब लोकांच्या तंबूत जाताना बूट बाहेर काढावे लागणार. रात्रभर बर्फात उभे राहिले की सकाळी दगड. तू अस्तर काढून आत ने, पांघरुणात घेऊन झोप. ओलं असेल तर दुसरी जोडी घाल, म्हणून दोन दिल्या. कळलं?"

मी मान हलवली. मॅनेजर ऐकत होता. माझी नजर वर होईना.

तिकडे कझाकस्तानात तसंच झालं. सकाळी तंबूबाहेर बुटांची रांग पांढरी पडलेली असायची. गुलखान स्टोव्हवर बूट शेकवत शिव्या घालायचा, लंगडत चालायचा. मी कोरडं, उबदार अस्तर सरकवून निघायचो. सोळा दिवस लव्हाळ्यांच्या रानात चाललो. अरबाब शेवटी म्हणाले, पुढच्या वर्षी पण हाच येईल. माझी दहाही बोटं जागेवर होती, आणि रोज एकेक बोट मोजताना मला मॅनेजरचा तो मोबाइल आठवत होता.

परत आल्यावर सुका मेवा घेऊन दुकानात गेलो. बुटांच्या काउंटरवर दुसराच माणूस. चाचांचा व्हिसा कॅन्सल केला होता. नंबर तेवढा मिळाला.

फोन लावला. "कोण? हां, तो आठ नंबरवाला गाववाला! बोटं किती आहेत?"

"दहा, चाचा."

"मग झालं."

असं अचानक घरी का पाठवलं, मी विचारलं. "अरे, एका खोक्यातला एक बूट फाटका निघालेला, जोडी कचऱ्यात जाणार होती. अस्तर तुला दिलं. मॅनेजर म्हणाला, चोरी. त्याला सांगितलं कोणी, सांग बघू? मी त्या नौशादला ओळखून आहे. गोड बोलायचा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चाचा, नेटवर्क जातंय," आणि फोन ठेवला. नेटवर्क व्यवस्थित होतं.

चाचा, मे महिन्यात सुट्टी आहे. मी हर्णैला येतोय. आधी नौशादचं नाव तुमच्या मनातून काढीन, मग माझं सांगीन. त्यानंतरही दारात उभं राहू दिलंत, तर तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याची फेड करीन. कशी, ते तुम्ही सांगायचं.